आवाज नाही, रंग हिरवा

हितगुजला मी पहिल्याच दिवशी शिवी दिली, आणि तिनं मला लाल करून टाकलं.

झालं असं. वॉर्डातल्या आरोग्याच्या पद्मजाताई आमच्या घरी आल्या. हातात काडेपेटीएवढा डबा, डब्यात कानात घालायचं एक बटण, नाव हितगुज.

"बारा ते अठरा वर्षांच्या सगळ्या पोरांना कंपल्सरी हाय गं आता. शाळेत जाणाऱ्यांना, आणि..." माझ्याकडं बघून थांबल्या.

"आणि हाकललेल्यांना," मी म्हटलं.

"तुला कुणी हाकललं न्हाई, प्रणोती. तू डस्टर फेकून आलीस."

ते खरं होतं. दहावीच्या वर्गात भूमितीच्या सरांनी माझ्या पप्पांच्या कपड्यांवर जोक मारला, मी डस्टर मारला. माफी माग म्हणाले. नाही मागितली. तेव्हापासून मी घरचे माग बघते. आमच्या इचलकरंजीत आता मोठ्या शेडमध्ये हवेवर चालणारे माग आलेत, पण आमच्या गल्लीत अजून तेच जुने, सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचे, लाकडाला लोखंड आपटणारे. पुढच्या खोलीत चार माग, मागच्या खोलीत आम्ही चौघं. पप्पा, आई, मी प्रणोती, आणि माझी बहीण ऋजुता. ऋजू तेव्हा आठवीला. हुशार. ती कुणावर काही फेकत नाही.

तर बटण कानात घातलं, फोन समोर उभा केला. आतून एका बाईचा आवाज आला, पाकातून काढल्यासारखा. "नमस्कार प्रणोती. आज तुला कसं वाटतंय?"

"तुझ्यायला, तू कोण विचारणार?"

फोनचा स्क्रीन लाल झाला. आई म्हणाली, "बघा, पहिल्याच दिवशी."

"शिवीनं लाल होत न्हाई वहिनी," पद्मजाताई म्हणाल्या. "ही काय बोलली त्याला ती बया एवढी किंमत देत न्हाई. कसं बोलली त्याला देती."

मग त्यांनी समजावलं, आणि मला ते पटकन समजलं. शाळा सोडली म्हणजे डोकं सोडलं असं नाही. माणूस शब्द खोटे बोलू शकतो, पण गळा खोटा बोलू शकत नाही. आतून खचलेल्या माणसाच्या गळ्यातल्या बारीक स्नायूंना कंप सुटतो, सेकंदाला आठ-दहा वेळा. कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. दोन शब्दांच्या मधे आपण किती थांबतो, वाक्याच्या शेवटी आवाज किती खाली पडतो, हे पण ती मोजते. फोनचा कॅमेरा चेहऱ्याच्या कातडीचा रंग बघतो. दर ठोक्याला रक्त वर येतं, रंग केसभर बदलतो, त्यावरून नाडी कळते. लाखो पोरांचे आवाज ऐकून ऐकून ती असं शिकलीय की पुढच्या तीन दिवसांत कोणतं पोरगं स्वतःला काही करून घेईल ते आधी सांगते. तिला बरं वाटलं तर हिरवा. शंका आली तर पिवळा. लाल म्हणजे लाल.

"आणि लाल आलं की?" मी विचारलं.

"तीनदा लागोपाठ आलं की डॉक्टर बाईंकडं नंबर लागतो."

"कधी?"

"दोन महिन्यांनी." त्या फोनकडं बघत म्हणाल्या, "जिवंत डॉक्टर कमी केलेत आता. बया हाय ना."

आधी पद्मजाताई स्वतः घरोघर जायच्या. चहा प्यायच्या, पोरींशी तासतासभर बोलायच्या. आता त्यांच्याकडं टॅबवर सहाशे ठिपके होते. ठिपके बघायच्या.

मला लालचं काही नव्हतं. मी कुठं शाळेत जात होते? पण शाळेतल्या पोरांचे हाल झाले. लाल झालेल्यांना वेगळ्या खोलीत बसवायचे. नाव 'विसावा वर्ग'. खिडक्यांना फुलांचे पडदे, आणि बाहेरून जाणारी पोरं आत वाकून बघणार. होस्टेलवाले रंग विचारायला लागले. नर्सिंग कॉलेजवाले विचारायला लागले. शेजारच्या गौरवाकाकूंच्या पुतणीला बघायला आलेल्या लोकांनी पोह्यांच्या आधी फोन बघायला मागितला.

आणि आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त लाल. का, तर आम्ही ओरडून बोलतो. मागावाल्या घरात जन्मलेलं पोर रडताना पण दोन पट्ट्या वर रडतं. आमचा आवाज वर चढतो आणि तिथंच सपाट राहतो. बयेला वाटायचं ही सगळी पोरं फुटायला आलीत.

एकदा पप्पांना ताप होता, माल द्यायचा होता, माग बंद करायला वेळ नव्हता. मी चारही माग चालू ठेवून बयेशी बोलले. डोकं इतकं फिरलेलं की दात-ओठ खात होते. हिरवा आला.

मला खटकलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केलं. माग चालू, बयेला पोटभर शिव्या. हिरवा. माग बंद, त्याच शिव्या. लाल. चार दिवस तेच. मग डोक्यात उजेड पडला. बटण आधी आवाज धुऊन घेतं. पंखा, मिक्सर, रिक्षा, जे जे पुन्हा पुन्हा वाजतं ते पुसून टाकतं आणि उरलेला माणूस ऐकतं. आमचे चार माग चार तालांत खटखटतात, फरशी थरथरते, भिंतीवरचा आरसा थरथरतो, समोरचा फोन थरथरतो आणि कॅमेऱ्याची नाडी चुकते. त्या खटखटीत बारीक-मोठे सगळे कंप येतात. गळ्यातला कंप पण तसलाच, सेकंदाला आठ-दहा. बटणानं मागाबरोबर तो पण झाडून टाकला. केर काढताना केराबरोबर कानातली कुडी जावी तसं.

मी लई खूश. बयेला चितपट केलं होतं. आठवड्याभरात गल्लीतल्या चाळीस पोरांना शिकवलं. ज्यांच्याकडं माग नव्हते ती शेजारच्या कारखान्यात येऊन बसायला लागली. गल्ली हिरवीगार. नगरसेवकानं चौकात फ्लेक्स लावला, 'आनंदी वॉर्ड', खाली त्याचाच फोटो, त्यात तोच एकटा आनंदी.

ऋजू सगळ्यात शेवटी आली.

ती एकदाच लाल झाली होती, आठवीच्या परीक्षेच्या आधी. पाच दिवस विसावा वर्गात बसली. परत आली तेव्हा पोरींनी तिचं नाव 'सिग्नल' ठेवलेलं. ती दिसली की थांबायचं आणि हसायचं. मी म्हटलं, नावं सांग, एकेकीच्या झिंज्या उपटते. तिनं नाही सांगितली.

"आक्का, मला पण शिकव की," म्हणाली. "मला परत त्या खोलीत न्हाई जायचं."

"बस इथं," मी म्हटलं. "माग चालू असताना बोलायचं. बास. बाकी काय बी बोल."

"काय बी?"

"काय बी. तिला काय कळतंय?"

आता एक गोष्ट सांगते, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माग चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठ वाचतो. चालायला लागायच्या आधीपासून. पप्पा त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधे चार माग धडधडतायत आणि आमचं भांडण चालू असतं, आवाज न काढता. घशाला त्रास कशाला द्यायचा? ओठ हलले की पुरे. आणि मग त्याची एक रीत पण आहे. दुसरा कुणी कुणाशी बोलत असेल तर आपण त्याच्या ओठांकडं बघायचं नाही. तुमच्याकडं दाराला कान लावणं असतं, तसं आमच्यात ते असतं. लहानपणी आईनं मला त्यासाठी चिमटे काढलेत. "ओठ काय बघतीस तिचे? पाठ कर तिच्याकडं."

ऋजू रोज संध्याकाळी साडेपाचला यायची. मागांच्या मधल्या वाटेच्या टोकाला कांडी भरायचं स्टूल आहे, त्यावर बसायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. फोन सुताच्या बाचक्याला टेकवायची. तोंड माझ्याकडं. दहा मिनिटं बयेशी बोलायची. आणि मी पाठ करायचे.

सहा महिने मी रोज पाठ केली.

एकदा माझ्या पाठीत काहीतरी येऊन लागलं. बघते तर रिकामी कांडी. ऋजूनं फेकलेली. माझं डोकंच फिरलं, मागात गेली असती तर सुताच्या दीडशे तारा तुटल्या असत्या.

"अक्कल हाय का गं? माग फुटंल की!" मी ओठांनी पण आणि आवाजानं पण ओरडले.

ती बघत राहिली. मग ओठ हलले, "काही न्हाई."

मी पुन्हा पाठ केली.

आमच्याकडं गुरुवारी वीज नसते. माग गप्प असतात, त्या दिवशी गल्लीत स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो. गुरुवारी कुणीच हितगुज करायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आठवड्यात एक दिवस चुकला तर चालतो. पण दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ऋजूनं केलं. मागच्या खोलीत, ओट्याजवळ बसून. मी भाकरी खात होते. ती अगदी हळू बोलत होती. पाठ करायची सवय, मी ताट उचलून दारात गेले.

शुक्रवारी सकाळी आईनं तिला उठवायला हाक मारली. ती उठली नाही.

तिनं काय केलं होतं ते मी सांगणार नाही. ते सांगायची गोष्ट नाही. पप्पांनी तिला उचललं, गौरवाकाकूंच्या जावयानं गाडी काढली, आणि ती वाचली. एवढं पुरे. अकरा दिवस दवाखान्यात काचेच्या मागं, आठ दिवस वॉर्डात.

चौथ्या दिवशी आई घरी कपडे न्यायला गेली तेव्हा दारात कुरियरवाला उभा होता. ऋजुताच्या नावानं छोटा डबा. आत नवीन बटण.

ते का आलं ते त्याच दुपारी कळलं. हितगुज कंपनीचा माणूस दवाखान्यात आला, मिहीर सर म्हणून. पुण्याचा. तिशीतला, पायात पांढरेशुभ्र बूट, दवाखान्याच्या फरशीवर जपून टाकत होता. पद्मजाताई त्याच्या मागं उभ्या, खाली बघत.

"आम्हाला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण सिस्टिमला दिसलं कसं नाही हेच कळत नाहीये. दीडशे दिवस हिरवा आहे. फक्त गुरुवारी लाल आला."

"मग?" पप्पांनी विचारलं. "लाल आला तर कुणी आलं का न्हाई?"

"दीडशे हिरव्यांत एकच लाल, तोही अचानक. सिस्टिमला वाटलं, बटण बिघडलंय. त्यामुळं तिनं बटण बदलायची ऑर्डर टाकली."

मी त्याची कॉलर धरली. धरली म्हणजे धरलीच, वरचं बटण तुटून फरशीवर उडालं. पद्मजाताई मधे पडल्या. पप्पा नुसते बघत होते.

पण कॉलर हातात असतानाच मला समजलं. गुरुवारी ती माझ्यासमोर खरं बोलली होती. यंत्रानं ते खरं ऐकलं होतं. आणि विश्वास ठेवला नाही, कारण दीडशे दिवस मी त्याला खोटी ऋजू शिकवली होती. मी कॉलर सोडली.

"माग," मी म्हटलं. "मागाजवळ बसून बोललं की तुमच्या बयेला कंप दिसत न्हाई. मी शिकवलं. तिला पण, सगळ्या गल्लीला पण."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

मिहीर सर पटकन टॅबवर काहीतरी लिहायला लागला. मग थांबला. "एक विचारू? ही रोज शेवटची सहा मिनिटं गप्प का बसायची? आवाज शून्य. सिस्टिम त्याला मन स्थिर असणं धरते. त्याचे तिला जादा गुण मिळालेत."

त्यानं टॅब माझ्यासमोर धरला. ऋजूचा चेहरा. मागं सुताची आणखी बाचकी. खटखट पुसून टाकलेली, त्यामुळं एकदम शांत. खाली हिरवी पट्टी, वर लिहिलेलं, आवाज नाही.

तिचे ओठ हलत होते.

डोळे फोनकडं नव्हते. फोनच्या वरून, लांब, समोर बघत होते. समोर काय असायचं ते मला माहीत होतं. माझी पाठ.

"आक्का," ऋजू म्हणत होती. "आक्का, इकडं बघ की."

मी दुसरा दिवस लावायला सांगितला. मग तिसरा.

"आक्का, मला झोप येत न्हाई. दोन वाजता जाग येती ती येतीच."

"आता वर्गात सगळ्या हिरव्या हायत. कुणी कुणाशी काय बोलतच न्हाई. बोललं तर रंग जाईल म्हणून."

"आवाजानं सांगितलं तर ही लाल करणार. तुला असंच सांगते. वळ की."

आणि कांडीचा दिवस. ती वाकते, काहीतरी उचलते, फेकते. मग तिचा चेहरा उजळतो, कारण मी वळलेय. आणि मग तो चेहरा बंद होताना मी बघितला, जसा दुकानाचा पत्रा खाली येतो तसा. ओठ हलतात. काही न्हाई.

"काय म्हणतीय?" पप्पांनी विचारलं. मी काय बघतेय ते त्यांना दिसत नव्हतं, कारण त्यांच्याकडं टॅबची पाठ होती. मी टॅब त्यांच्याकडं फिरवला. पप्पांना ओठ माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. ते भिंतीला टेकले आणि खाली बसले.

मिहीर सर आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. "तुम्हाला... हे वाचता येतं?" त्याचे डोळे चमकले. वाईट माणूस नव्हता तो, पण चमकले. "तुमच्या गल्लीतल्या अजून बऱ्याच मुलांचे असे गप्प व्हिडिओ आहेत. तुम्ही बसून वाचून दाखवलेत तर सिस्टिमला ओठ शिकवता येतील. मग कुणीच सुटणार नाही. तुम्हाला रीतसर नोकरी देऊ. दहावीची अट नाही."

कुणीच सुटणार नाही.  ऋजूला बोलायला एकच जागा उरली होती, जिथं रंग लागत नव्हता. ती जागा पण ह्याला पाहिजे होती.

"किती पोरं हायत?"

"तेवीस."

"नावं पद्मजाताईंना द्या. बयेला न्हाई."

"पण वाचणार कोण?"

"कुणी वाचायचं न्हाई. समोर बसायचं." मी पद्मजाताईंकडं वळले. "ताई, तेवीस घरं. चहा प्यायला जायचं, पूर्वीसारखं. मी येते संगं."

"सहाशे हायत गं माझ्याकडं," त्या म्हणाल्या. मग टॅब बंद करून, "उद्या सकाळी नऊला ये."

तेवीस घरं झाली. त्यातल्या चार पोरांना आम्ही डॉक्टर बाईंच्या दारात नंबर न लावता नेऊन बसवलं, बाईंनी शिव्या घातल्या आणि बघितलं. बाकीच्या घरांत दार आपटलं. कंपनीनं मागाचा आवाज असलेलं बोलणं घ्यायचं बंद केलं आणि एका आठवड्यात गल्ली पुन्हा लाल झाली. आता आमच्याशी कुणी बोलत नाही. नळावर गौरवाकाकू आईला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "स्वतःचं घर जळलं म्हणून आमच्या घराला काडी लावली पोरीनं." आईनं कळशी भरली आणि आली.

ऋजू घरी आली तेव्हा आम्ही माग बंद ठेवले होते. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, घरात शांतता ठेवा. आम्ही ठेवली. आई पावलं न वाजवता चालायची. भांडं पडलं तर तिघं दचकायचो. आणि ऋजू एक शब्द बोलत नव्हती. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. फक्त ते नवीन बटण फळीवरून दर संध्याकाळी बोलायचं. "ऋजुता, काहीतरी बोल ना. मी ऐकतेय." तिसऱ्या दिवशी मी ते उचललं आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसलं. तिथून पण बारीक आवाज यायचा.

सातव्या दिवशी साडेपाच वाजता मी पुढच्या खोलीत गेले. धूळ बसली होती. पप्पा दारात आले.

"काय कराय लागलीस?"

"एकच चालू करते."

"बाई काय म्हणाल्यात?"

"पप्पा, आपल्या घरात शांततेत कोण कधी बोललंय?"

ते बाजूला झाले.

मी माग चालू केला. फरशी थरथरली. आरसा थरथरला. मी मागाजवळ उभी राहिले, पण मागाकडं पाठ करून, तोंड वाटेच्या टोकाकडं. वाट बघितली. दहा मिनिटं. पंधरा.

ऋजू आली. शाल घेतलेली, हात मनगटापर्यंत आत. स्टुलावर बसली. फोन नव्हता. माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, पुन्हा बघितलं. मी पाठ करतेय का ते बघत होती.

माझ्या मागं तार तुटली. मागावाल्याच्या पोरीला ते बघावं लागत नाही, खटखटीत एक बारीक फरक पडतो, पायांना कळतो. जुन्या मागाला तुटलेली तार समजत नाही, तो चालतच राहतो आणि कापडात उभी फट पडत जाते. हात आपोआप मागं वळला. मी तो ओढून घेतला.

तिचे ओठ हलले.

"मला अजून तसंच वाटतंय आक्का."

माझ्या तोंडात खूप काही आलं. रडू, राग, असं न्हाई वाटून घ्यायचं, सगळं. मी ते गिळलं. बाईंकडं सोमवारी जायचं होतं, सोमवारला तीन दिवस होते.

"सांग," मी ओठांनी म्हटलं. "बघतीय मी."

ती सांगायला लागली. कापडात फट वाढत होती, वीतभर, मग हातभर. मी वळले नाही.